आम्ही की आपण

४ नोव्हेंबर
निबंध स्पर्धा! विषय – 'चांगला नागरिक'. पहिल्या नंबराला शिष्यवृत्ती – मोठ्या शहरातलं कॉलेज, वसतिगृह, सगळं! नाही मिळाली तर बाबांच्या शिलाईच्या दुकानात बसून काज-बटणं. बाबा म्हणाले, "काज-बटणांनी तुझं काय घोडं मारलंय?" काही नाही हो. पण मला जायचंय. जायचंय म्हणजे जायचंय!

५ नोव्हेंबर
सुरुवात झक्क जमली – 'नागरिक हा राष्ट्राचा कणा होय.' दादाने वाचलं आणि म्हणाला, "कण्याला जरा तेल लाव, करकरतोय." जळतो मेला.

९ नोव्हेंबर
बाईंनी भलतंच काम गळ्यात मारलं. वरच्या मजल्यावर परदेशातून नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांची मुलगी माझ्याच वर्गात आहे. 'वरची' – नाव मीच पाडलंय. तीही निबंध लिहितेय. बाई म्हणाल्या, "तुझी भाषा चांगली आहे, तिचं शुद्धलेखन तेवढं बघून दे. नियमात बसतं." म्हणजे माझ्याच हाताने! अगदी जिवावर आलंय. पण बाईंना नाही कोण म्हणणार?

तिची भाषा म्हणजे गंमतच. 'आम्ही' म्हणायचं तिथे 'आपण' म्हणते. परवा वर्गात सांगत होती, "रविवारी आपण मावशीकडे जेवायला गेलो." मागच्या बाकावरून लगेच – "मग आमचं ताट कुठे होतं?" हसून हसून मुरकुंडी वळली. तीही हसली.

१० नोव्हेंबर
तिचा निबंध वाचला. एकदा नाही, तीनदा.

आमच्या जिन्यातल्या दिव्यावर आहे. कित्येक महिने बंद होता. खालचे म्हणायचे वरच्यांचा, वरचे म्हणायचे मालकाचा, आणि आम्ही म्हणायचो, आमचा तर नाहीच. आई रोज ठेचकाळायची आणि मालकाच्या नावाने बोटं मोडायची. हिने लिहिलंय – 'आपला जिना अंधारात होता. आपण सगळे धडपडत होतो. मग आपण दिवा लावला. आता आपल्याला एकमेकांची तोंडं दिसतात.'

आपण कुठले! तिच्या वडिलांनी लावला, स्टुलावर चढून. दादा खाली उभा राहून बघत होता. स्टूलसुद्धा धरलं नाही त्याने!

चुका ढीगभर आहेत. राहू द्याव्यात का तशाच? कुणाला कळणार आहे?

शी! वर 'चांगला नागरिक' लिहितेय मी.

११ नोव्हेंबर
पेन्सिलीने एकूण एक चूक सुधारली. प्रत्येक 'आपण'चा 'आम्ही' केला आणि वही तिला नेऊन दिली. वाचता वाचता ती 'आम्ही दिवा लावला'पाशी अडली.

"इथे 'आपण' ठेवू?"

"अगं, दिवा तुम्ही लावलात ना? मग 'आम्ही'च."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण 'आम्ही' म्हटलं की तू बाहेर राहतेस."

व्याकरणात मी आजवर कधी अडले नव्हते! गुपचूप खोडरबर घेतलं आणि सगळे 'आम्ही' पुसून टाकले.

घरी येऊन माझा निबंध पुन्हा वाचला. करकरतोय खरा. उद्या शेवटचा दिवस. आहे तसाच देणार.

३० नोव्हेंबर
जिन्यातला दिवा पुन्हा गेला. आईने आज मालकाचं नाव काढलं नाही. दादाला म्हणाली, "ऊठ रे, आपला दिवा गेलाय." आपला! दादा चढला, मी स्टूल धरलं. मग उगाचच बराच वेळ तिथे उभी राहिले. छान वाटत होतं.

१९ डिसेंबर
निकाल लागला. पहिली – वरची. माझा नंबरच नाही. खूप रडले. बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षी परत लिही. काज-बटणं कुठे पळून जात नाहीत." रडता रडता हसू आलं.

तेवढ्यात ती जिन्यातूनच ओरडत आली, "आपण जिंकलो! आपण जिंकलो!"

साफ चूक. 'मी जिंकले' हवं.

मी दार उघडलं. म्हटलं, "हो गं. जिंकलो आपण."