केबिनबाहेरच्या चपला

बुधवार, संध्याकाळ

अजून हसू येतंय. पुण्याच्या मोठ्या कंपनीत आज मुलाखत होती, पगार दुप्पट. आणि मी केबिनबाहेर चपला काढून अनवाणी आत गेले! जुन्नरची सवय, दुसरं काय. पारसशेठनी वडिलांच्या कापडदुकानाच्या माडीवरच आमची कंपनी काढलीय. चपला जिन्यात सोडायच्या आणि गादीवर मांडी घालून प्रोग्रॅम लिहायचे. तिकडचे साहेब माझ्या पायांकडेच बघत राहिले. तरी जागेवरच घेतलं मला!

परत येऊन शेठना सांगितलं. म्हणाले, "जा की राव! मला एवढं द्यायला न्हाई जमणार." जाऊ? लई विचार केला, म्हणजे चहा संपेपर्यंत. मग पुण्याला फोन करून 'येत नाही' म्हणून कळवलं. त्यांनी कारण विचारलं. खरं तेच सांगितलं: चपला घालून माझं डोकं चालत नाही.