पोरगा ऐकत नाही

मिसिसिपी
१६ मार्च, रविवार

प्रिय रॉस,

तू आणि घरची मंडळी खुशाल असाल. मी बरी आहे.

गुरुवारी सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी कोंबड्यांना दाणे घालून नुकती आत आले होते. ओव्हनमध्ये मक्याचा पाव होता आणि वेंडेलचा कोट उन्हात टाकायला खुंटीवरून काढला होता. तो कोट अजून कोणाला देववत नाही. तू नमस्कार-चमत्कार न करता एकदम विचारलंस, "वहिनी, तुमच्या कॉलेजचा कॉर्डेल बिव्हन्स. आमच्या संघात घेऊ की सोडू?" पाव करपला, पण बरं वाटलं. नोव्हेंबरात तुझा भाऊ गेला, तेव्हापासून या घरात फुटबॉलचं विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

तर ऐक. घे.

आमच्या कॉलेजात तो आल्यापासून घरच्या मैदानावरचा एकही सामना मी चुकवलेला नाही, वेंडेलच्या मातीनंतरचासुद्धा नाही. उंची, वजन, धाव तुमच्या लोकांनी मोजलीच आहे. मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. चेंडू हलला की रांगेच्या टोकावरून तो असा सुटतो की समोरचा पहाडासारखा गडी सरळ होईपर्यंत याचा खांदा त्याच्या काखेखालून पार झालेला असतो. मग चेंडू फेकणारा त्यांचा क्वार्टरबॅक आडवा. याचे हात आधी पोचतात, छाती नंतर. बचावाच्या रांगेच्या टोकाला खेळणारे असे डिफेन्सिव्ह एंड फार नसतात.

खोट आहे. दोघे मिळून अंगावर आले की हा मागे रेटला जातो. मांड्या अजून भरायच्या आहेत. त्या तुमच्याकडे खाऊन-पिऊन भरतील. पण चेंडू मैदानाच्या पलीकडच्या काठाला गेला तरी हा धावतच असतो. वेंडेल म्हणायचा, कॅमेरा दुसरीकडे असताना गडी काय करतो ते बघ. हा धावतो.

आता तुझी खरी अडचण. "वहिनी, त्याचा प्रशिक्षकच म्हणतो की पोरगा ऐकत नाही. डोईजड गडी आमच्या साहेबांना चालत नाही," म्हणालास. येत्या शुक्रवारच्या निवडीच्या बैठकीत त्या एका वाक्यापायी त्याचं नाव कुणी घेणार नाही, हेही म्हणालास.

रॉस, चित्रफिती पुन्हा लाव. तो डाव्या टोकाला असतो तेव्हा चेंडू त्याच्या उजव्या हाताला येतो. तिथे त्याच्याच संघाचा मधला गडी ओरडून जे सांगेल ते सगळं हा करतो. क्वार्टरबॅकच्या खोट्या हाळीला फसून आधीच उडी मारतो आणि दंडही खातो. उजव्या टोकाला उभा केला की चेंडू डाव्या हाताला. तिथे तो हाळीला कधीच फसत नाही, नुसता चेंडूवर डोळा ठेवून सुटतो. त्याला तुम्ही संयम म्हणता. आणि तिथेच मधल्या गड्याचं सांगणं धुडकावतो. त्याला तुम्ही माज म्हणता.

त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

आज चर्चच्या जेवणात मी वाढायला होते. त्याच्या डावीकडे उभी राहून म्हटलं, "कॉर्डेल, कॉलरवर गांधीलमाशी बसलीय." ढिम्म. मग उजवीकडून म्हटलं, "बाळा, पीचची पाय-पेस्ट्री वाढू?"

"हो मॅम. मोठा तुकडा."

नंतर त्याला बाहेर झाडाखाली नेऊन सरळ विचारलं. लहानपणी गालगुंड झालं होतं, तेव्हापासून. आईला वाटतं, बरा झाला.

"रॉसला सांगू का?"

"मॅम, बहिरा गडी कोण घेईल?"

"आणि माजोरडा कोण घेईल?"

हसला. मग बुटाने माती उकरली. "सांगा," म्हणाला. "पण आधी मी आईला सांगतो." आत्ता त्याचा फोन येऊन गेला, म्हणून लिहायला बसले. त्याला डाव्या टोकाला खेळवा. उजवीकडे लागला तर हाताने खूण करा. एवढंच औषध आहे.

पत्र इथेच संपवणार होते. पण मला हे कळलं कसं, असं तू विचारशीलच.

बोललेलं कळलं नाही की कॉर्डेल नुसती मान वळवत नाही, सगळं अंग वळवतो आणि ओठांकडे बघतो. वेंडेल तसंच करायचा.

तुमच्या आईला पुरलं त्या दिवशी तू त्याच्या डावीकडे उभा होतास. "दादा, आज माझ्याकडे राहा," म्हणालास. तो गाडीकडे चालायला लागला. त्यानंतर तू आमची पायरी चढला नाहीस. त्याच्या मातीलाही मागे उभा राहिलास आणि न जेवता गेलास.

त्या दिवशी गाडीत मी त्याला म्हटलं, "धाकट्या भावाला असं तोडतात होय? साधं उत्तर तरी द्यायचं."

तो म्हणाला, "रॉस काही बोलला?"

मी सांगितलं. त्याने गाडी कडेला घेतली. मग माझ्याकडून शब्द घेतला, डाव्या कानाचं कोणाला सांगायचं नाही. संघासाठी गडी हेरणाऱ्या बहिऱ्या म्हाताऱ्या स्काउटला घरी बसवतात, आणि तू तर दुसऱ्या संघाचा स्काउट. "पुढच्या आठवड्यात फोन करतो रॉसला," म्हणाला. कान सोडून दुसरं काय कारण सांगावं, ते त्याला शेवटपर्यंत सुचलं नाही. तुझ्यावर राग नव्हता रे त्याचा. वीस वर्षांच्या पोराला आईसमोर खरं बोलता आलं, मग मी तुझ्यापासून कशाला लपवू?

शुक्रवारी त्याचं नाव मोठ्याने घे. आणि ईस्टरला इकडे ये. कोट तुझ्या मापाचा आहे.

लोकांना वाटतं, मला हा खेळ वेंडेलने शिकवला. माझी शाळा लवकर सुटली. लायब्ररीतली पुस्तकं आणून मी वाचायला शिकले, आणि हेही तसंच, गरज पडली तेव्हा शिकले. तुमच्या आईला पुरलं तो शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी इथे सामना होता. मी माझी नेहमीची जागा सोडली आणि मैदानावरचं ऐकून सांगायला त्याच्या उजव्या कानाशी जाऊन बसले.

तुझी वहिनी,
एडना