विचारायचं तर आधी द्यायचं

प्रिय मास्तर,

हाताने लिहिलेलं पाकीट बघून तू ते उलटंपालटं करशील, अक्षर ओळखशील आणि बहुतेक न फोडताच बाजूला ठेवून देशील. ठेवू नकोस. तुझा जुना नंबर लागत नाही, मेल तू उघडत नाहीस, म्हणून तुझ्या ताईच्या दारात जाऊन बसले. नवा नंबर ती काही देईना, पण पत्र स्वतः नेऊन तुझ्या हातात ठेवते म्हणाली. तिच्यावर चिडू नकोस, माझ्यापुढे कुणाचं चालत नाही हे तुला चांगलं ठाऊक आहे. ती सांगत होती, तू आता मावसभावाच्या प्लायवूडच्या गोदामात असतोस, माल उतरवून घेतोस, दिवसभर कुणाशी बोलत नाहीस. चहाच्या कपात चमचा फिरवतानासुद्धा ज्याचं व्याख्यान सुरू असायचं, तो माणूस बोलत नाही. मला आधी हसू आलं आणि मग तिच्या दारातच रडू फुटलं. बिचारी घाबरून पाणी आणायला धावली. मास्तर, माझा ढब्या आजारी आहे. साधासुधा आजारी नाही.

ऑफिसच्या सहलीला तुझ्या खांद्यावर बसून टकलावर तबला बडवणारा ढब्या आठवतो ना, तोच. आता सातवीत आहे. नाव ढब्याच राहिलंय, गाल मात्र गेले. सुरुवात चमच्यापासून झाली. जेवताना चमचा हातातून निसटायचा आणि मी ओरडायचे, लक्ष कुठे असतं तुझं. मग तो भिंतीला हात लावून चालायला लागला. विचारलं तर म्हणायचा, उगाच, गंमत म्हणून. गंमत नव्हती, त्याचा तोल जात होता आणि मला कळू नये म्हणून लबाड भिंतीच्या कडेकडेने घरभर फिरत होता. स्कॅन केला तेव्हा मेंदूच्या मागच्या भागात, मानेच्या जरा वर, एक सावली दिसली. मधे पोकळ, कडा दातेरी, एका बाजूला शेपटीसारखी बारीक रेघ. मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, तिला हात लावू नका, औषधावर ठेवू, ती जिथे आहे तिथून काही कापणं म्हणजे आगीशी खेळ. सर्जन म्हणतात, थांबलात तर पस्तावाल, आत्ताच काढू. दोघंही हुशार, दोघंही जीव तोडून सांगतात. एक जण तरी मूर्ख असता तर माझं काम सोपं झालं असतं. मी सर्जनना सरळ विचारलं, तुम्ही अशी सावली याआधी कधी पाहिली आहे का. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "नाही, बाई. कधीच नाही."

सोमवारी आम्हाला हो किंवा नाही सांगायचं आहे. नवरा म्हणतो, तू म्हणशील तसं. पडद्यांच्या रंगावरून माझ्याशी आठवडाभर वाद घालणारा माणूस, आता म्हणतो तू म्हणशील तसं. वॉर्डाबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर हात मांडीखाली दाबून बसलेला असतो. त्याचा राग येतो आणि मग कीव येते, कारण मलाही कुणीतरी म्हणेल तसंच करायचं आहे. ते कुणीतरी कुठे आहे, एवढंच शोधायला मी निघाले.

कुठे शोधणार? तू उभ्या केलेल्या, हॉस्पिटलांची मशीनं एकमेकांना जोडणाऱ्या आपल्याच जाळ्यात. तू पहिल्या दिवशी फळ्यावर काढलेली ती वर्तुळं आणि रेघा अजून डोळ्यांसमोर आहेत. ज्या आजाराला नाव नाही तो शब्दांनी शोधायचा कसा, असं विचारून तू आम्हा सगळ्यांची तोंडं बंद केली होतीस. चित्रानेच चित्र शोधायचं. स्कॅन ज्या त्या हॉस्पिटलातच राहणार, प्रश्नाबरोबर फिरेल तो फक्त त्याचा ठसा, म्हणजे आकार, कडा आणि पोत यांचे आकडे; साम्य निघालं तरच मूळ चित्र उघडून बघायचं. एक मशीन शेजारच्या मशीनला विचारणार, असं काही आहे का रे तुझ्याकडे, ते त्याच्या शेजाऱ्याला विचारणार, आणि काही घरं फिरून झाली की प्रश्न आपोआप विझणार, नाहीतर सगळं जाळं एकाच प्रश्नाने तुंबायचं. खरे स्कॅन मिळेपर्यंत आपण घरच्या फोटोंवर चाचण्या करायचो. तुझ्या टकलाचा फोटो टाकला आणि मशीनने मोठ्या विश्वासाने उकडलेलं अंडं काढून दिलं, तेव्हा मी खुर्चीवरून खाली पडायची बाकी होते. तू मात्र गंभीर चेहऱ्याने, अंडं का आलं यावर तासभर शिकवलंस.

आणि तुझा तो नियम. विचारायचं तर आधी द्यायचं. जो शोधायला येईल त्याने आपलं चित्र जाळ्यात ठेवायचं, आणि पुढे त्या रोग्याचं काय झालं ते खाली लिहायचं, बरं झालं असो की वाईट. मी त्या नियमावरून तुझ्याशी कडाकडा भांडले होते. एखादी आई जीव मुठीत धरून दारात येणार आणि आपण तिला म्हणणार, आधी इकडे द्या? तू शांतपणे म्हणालास, "आणि तिच्यानंतर येणाऱ्या आईचं काय?" मी हरले. तुझ्याशी भांडताना मी हरले अशा मोजक्या वेळांतली ती एक. तेव्हा कुठे ठाऊक होतं, की नंतर येणारी आई मीच असणार आहे.

तर ढब्याचा स्कॅन मी आधी दिला आणि मग विचारलं. पहिल्याच फेरीत उत्तरांचा ढीग आला. मी वेड्यासारखी वॉर्डात फोन करून नवऱ्याला सांगितलं, सापडली, पुष्कळ सापडली. मग एकेक उघडून पाहायला लागले आणि एकेक बंद करत गेले. ती चित्रं आजारामुळे सारखी नव्हती, स्कॅन काढणाऱ्या यंत्रामुळे सारखी होती. सगळीकडे एकाच बनावटीचं यंत्र, त्यामुळे सगळीकडे तेच करडे ठिपके. अंड्याचीच गोष्ट, फक्त आता हसायला कुणी नव्हतं. ठिपके वगळून पुन्हा विचारलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं चित्र आलं, त्यांची सावली भरीव होती. एका बाईची पोकळ होती, पण जागा वेगळी. त्यानंतर काहीच नाही. पडद्यावर "साम्य आढळले नाही" एवढंच. ते वाक्य मीच कधीतरी लिहिलेलं आहे, मास्तर. इतकं कोरडं कसं लिहिलं असेल मी?

मधेच हे लिहिते, नाहीतर राहून जाईल. तुझी छकुली गेली तेव्हा ऑफिसातले आम्ही सगळे तुझ्या घरी आलो होतो. दारात चपलांचा ढीग होता आणि त्यात तिचे लाल बूट तसेच होते. वहिनी म्हणाल्या, मेंदूचं होतं, आणि पदर तोंडाला लावला. तू खिडकीशी उभा होतास, आमच्याकडे पाठ करून. त्याआधीचे काही आठवडे तू ऑफिसात यायचास ते दुसऱ्या माणसासारखा, कुणी काही विचारलं की म्हणायचास, घरी जरा बरं नाही. नंतर तू आलाच नाहीस, राजीनामा ताईच्या हाती पाठवलास. तुझी खुर्ची मला दिली. तिच्यावर बसायला मला फार जड गेलं. आम्ही कुणीच तुला काही विचारलं नाही. विचारू नये, असंच सगळ्यांना वाटलं. सहलीतल्या त्या झोपाळ्यावरून छकुली आणि ढब्या असे भांडले होते की दोघांना दोन टोकांना बसवावं लागलं होतं. ढब्याला अजून आठवतं. काल झोपल्या झोपल्या म्हणाला, ती मला चावली होती.

आता जे केलं ते सांगते, साहेबांना कळलं आहेच, तुलाही कळू दे. मी प्रश्न विझायची अट काढून टाकली. विझूच नकोस म्हटलं, जिथवर तार जाते तिथवर जा. हॉस्पिटलांची मशीनं धापा टाकायला लागली, तक्रारींचे फोन सुरू झाले, साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, तुम्ही शुद्धीवर आहात का. नाही म्हटलं. त्यांनी बंद करायला सांगितलं, मी खुर्ची दाराला लावून बसून राहिले. नोकरी राहते की जाते माहीत नाही, त्याचं काही वाटतही नाही. आणि मग एक उत्तर आलं, एकच. जागा तीच, पोकळी तीच, दातेरी कडा तीच आणि ती शेपटीसारखी रेघसुद्धा. इतकं साम्य मी आपल्या जाळ्यात आजवर पाहिलेलं नाही. प्रश्न सगळं जाळं फिरून आला होता आणि उत्तर देणारं मशीन भिंतीपलीकडे होतं, आपल्याच अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे. आपलं पहिलं चाचणीचं मशीन. ते बंद करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. ठसा होता, पण चित्र उघडेना. परवलीच्या शब्दाचं कुलूप होतं. चित्राखालची नोंदही कुलपातच. मी तीन-चार शब्द टाकून पाहिले आणि थांबले, कारण फार वेळा चुकलं की चित्र कायमचं पुसलं जावं अशी सोय करणारा माणूस मला माहीत आहे.

मास्तर, ते चित्र छकुलीचं आहे. कुलपाबाहेर जेवढं दिसतं त्यात देणाऱ्याच्या जागी तुझं नाव आहे, मुलीचं वय तिचंच आहे, आणि तारीख त्याच आठवड्यांतली, जेव्हा तू म्हणायचास की घरी जरा बरं नाही. आम्ही सगळे त्याच खोलीत बसलो होतो आणि तू आमच्या देखत तेच करत होतास जे मी आता करते आहे. स्वतःचाच नियम पाळून आधी दिलंस, मग विचारलंस, आणि तेव्हा जाळ्यात मशीनं ती किती, कुणाकडेच काही नव्हतं. मीच लिहिलेलं ते कोरडं वाक्य तू वाचलंस. नंतर तू कुलूप का लावलंस हे मी विचारणार नाही. मीही लावलं असतं. पण आता उघड. ती राहिली नाही हे मला ठाऊक आहे, मी तुझ्याकडे आशा मागत नाही. ती त्या सावलीमुळे गेली की ती काढताना गेली, एवढंच मला हवं आहे. तुम्ही काढायला हो म्हणालात की नाही म्हणालात? ज्यांना मी विचारू शकते त्यांत हे फक्त तुला आणि वहिनींना माहीत आहे, आणि वहिनींना विचारायला माझी जीभ रेटत नाही. मला भेटू नकोस, बोलू नकोस, हवं तर जन्मभर बोलू नकोस. कुलपाचा शब्द ताईजवळ दे, नाहीतर तू उघड आणि चित्राखाली एक ओळ लिही, मी सोमवारपर्यंत त्या पडद्यासमोर बसून आहे. ढब्याचं चित्र मी दिलं आहे. त्याच्याखाली जे काही लिहायची वेळ येईल ते मी माझ्या हाताने लिहीन, आणि त्याला कुलूप लावणार नाही.

तुझीच,
भांडकुदळ मैत्रीण