एका बोटाचा बांध

सोम. १७ नोव्हें.
अकरावीला गणितातलं इंडक्शन शिकवलं (पहिली पायरी खरी, प्रत्येक पायरीवरून पुढची खरी, म्हणून सगळ्या खऱ्या). सूत्राआधी गंमत म्हणून फळ्यावर लिहिलं : भाताचा एक दाणा म्हणजे रास नव्हे. रास नसलेल्यात एक दाणा टाकला तर रास होत नाही. म्हणून रास कधीच होणार नाही. पोरं हसली. मागच्या बाकावरून प्रणाली : "मॅडम, दुसरी ओळ खोटी हाय." म्हटलं, मग कितव्या दाण्याला रास झाली ते सांग. ती हसून खाली बसली. कर्जतच्या कॉलेजातून घरी येईपर्यंत स्वतःवरच खूश होते.

गुरु. २०
शेजारच्या शांतारामकाकांच्या मुलाला शेताला कुंपण घालायचंय. त्याने खालापूरला सरकारी जमीन मोजणीचा अर्ज केला, आज आम्हाला नोटीस : मोजणी बुधवारी २६ ला. बाबा जेवले नाहीत. आईला खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. दर साली लावणीआधी बाबा मधला बांध आपल्या बाजूने बोटभर तासतात. बांध बारीक दिसला की शां. काका त्यांच्या बाजूने चिखल लिंपून जाड करतात. अशी इतकी वर्षं. म्हणजे बांध त्यांच्या शेतात सरकत गेला, तोही त्यांच्याच हातांनी.

रवि. २३
बाबा : "मोजणीवाल्यांना तू सांग, शिकलेली हायस. बांध हाय तिथंच हाय. गेल्या साली सरकला काय? बोटभर म्हंजे काय सरकणं झालं? मग त्याच्या आदल्या साली सरकला काय?"
एकेक ओळ पटण्यासारखी. शेवट धडधडीत खोटा. मी चिडले, म्हटलं खोटं सांगणार नाही. आई : "बापाला चोर ठरवतेस व्हय गं?"
तेच तर. कुठल्या सालचे बाबा चोर? मला सायकलवर बसवून शाळेत नेणारे की त्याच्या पुढच्या सालचे? राग येतो, आणि मायाही वाटते. फळ्यावरचं कोडं असं घरात येऊन बसेल असं कधी...

मंगळ. २५
संध्याकाळी शां. काका आले. ओटीवर बसले. बाबा आतच.
काका : "बांध सरकतो ह्ये मला पयल्यापास्नं ठावं हाय."
मी विचारलं, मग बोलला का नाहीत?
"एका बोटासाठी दोस्ताशी काय भांडायचं? दर साली ह्येच वाटायचं. आता पोरगा इचारतो, तुमी झोपलेले काय? तू गणिताची. सांग ना गं, मी कितव्या साली बोलाय पायजे होतं?"
बाबांचं गणित कळलं होतं. काकांचं गप्प राहणंही तसंच बोटाबोटाने साचलंय, हे डोक्यातच आलं नव्हतं. लाज वाटली. काका चहा न घेताच उठले.
बाबा दारात आले. "हाक मार त्याला." मारली. काका थांबले, पण वळले नाहीत. बाबा पायरी उतरून त्यांच्यापर्यंत गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही.
परत आल्यावर मला एवढंच : "उद्या तू कॉलेजला जा. मोजणीला मी उभा ऱ्हाईन."
तिथे खरं सांगणार की रविवारचं तेच, हे विचारायचं धाडस झालं नाही.