डबीवरचा ससा

ओतूर,
१८ नोव्हेंबर २०२४

सौ. नंदाताई यांस,
वैजयंतीचा सप्रेम नमस्कार.

आधी माफी मागते. दिवाळीच्या आधी तुम्ही फोनवर विचारलंत, "साखरपुड्याच्या मेकअप बॉक्समध्ये हर्षालीला काय काय आवडतं ते कळवा," आणि मी "कळवते हं" म्हणून जी गप्प बसले ती आजपर्यंत. मधे तुमचे फोन आले तेव्हा मी घरातच होते. एकदा तर फोन माझ्या हातातच होता आणि मी तो वाजताना बघत बसले होते. व्हॉट्सअॅपवर तुम्हाला लिहायला घेतलं आणि पुसलं, असं इतक्या वेळा झालं की "टायपिंग" असं वर सारखं बघून तुम्हालाही वाटलं असेल, या बाईला एवढं काय सांगायचंय. शेवटी ठरवलं की हा विषय पत्राशिवाय मावणार नाही. आमचे हे उद्या-परवा मंचरला जाणार आहेत, ते अवसरीला वाट वाकडी करून पत्र देतील. भाऊंचा गुडघा आता कसा आहे? थंडी सुरू झाली, जपायला सांगा. आमच्या होणाऱ्या जावयांना, समर्थरावांना आशीर्वाद. आमच्याकडे सगळे ठीक. म्हैससुद्धा आता ठीक आहे. (तिला काय झालं होतं तेच सांगायचंय.)

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे. ससा.

घाबरू नका, ससा पाळायचा नाहीये. काही डब्यांवर, लिपस्टिकच्या नळ्यांवर सशाचं बारीकसं चित्र असतं. त्याचा अर्थ, ही वस्तू तयार करताना कुठल्याही प्राण्यावर लावून, चोळून, पाजून बघितलेली नाही. हर्षाली तुमच्या गावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होती तेव्हा हॉस्टेलवर कुणीतरी तिला एक व्हिडिओ दाखवला. त्यात ओळीनं ससे होते, माना लाकडी चौकटीत अडकवलेल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत कसलंतरी थेंब थेंब घालत होते. तेव्हापासून ससा नसेल ते ही मुलगी तोंडाला लावत नाही. आपल्या देशात अशा चाचण्यांना कायद्यानं बंदी आहे, हेही तिनंच मला सांगितलं. मग मी विचारलं, बंदी आहे तर सशाचा आग्रह कशाला? तर म्हणाली, "मम्मी, आतला माल कुठून कुठून येतो ते पण बघावं लागतं." इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण आता ती म्हणते, साखरपुड्याला जो बॉक्स येईल त्यातल्या वस्तूंवर ससा नसेल तर ती तो हातात घेणार नाही. ताई, तुम्हाला माहीतच आहे, तो बॉक्स मांडवात सगळ्यांसमोर देतात, उघडून दाखवतात, बायका माना उंचावून बघतात. नवरीमुलीनं तिथं हात मागे घेतला तर बॉक्स कुणाला दिसेल? लोकांना दिसेल ती नाकारलेली सोयरीक. या एका विचारानं माझं जेवण कमी झालंय.

बरं, तिला रागवावं तर रागवण्यासारखं तोंडात काही येत नाही. मी बी.ए. झालेली बाई, कॉलेजच्या दिवसांपासून पावडर लावते. ही पावडर माझ्या गालावर येण्याआधी कुणाच्या अंगावर पडली असेल, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. माझ्या पोरीला तो विसाव्या वर्षी पडला. हे कळलं त्या दिवशी मी आरशासमोर बराच वेळ उभी होते. (मग पावडर लावूनच बाहेर पडले, कारण भिशीला जायचं होतं. हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं, पण मग ते खोटं झालं असतं.)

तुम्हाला काही सुचवण्याआधी अशा वस्तू इकडे मिळतात का ते आपण बघावं, म्हणून एसटीनं जुन्नरला गेले. बाजारपेठेत हौशीराम म्हणून एक बांगड्या-टिकल्यांचे दुकानदार आहेत, आमच्या लग्नापासून ओळखीचे. त्यांना म्हटलं, सशाचं चित्र असलेली लिपस्टिक दाखवा. ते म्हणाले, "ताई, ससा न्हाई आला या वेळेला. मोर हाय. मोराचं काजळ लई चालतंय." मी समजावलं की चित्राचा अर्थ असा असा, प्राण्यांवर टेस्ट केलेलं नको. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "आवं, प्राण्याचं काय घेऊन बसलात, आमी गिऱ्हाईकाला सुदिक टेस्ट करू देत नाय. सील फोडलं की घ्यायलाच लागतंय." दुकानातल्या बाकीच्या बायका हसल्या. मलाही हसू आलं. रिकाम्या हातानं निघणं बरं दिसेना म्हणून मोराचं काजळ घेतलं. (मोरावर काय झालं असेल, हा विचार ओतूर येईपर्यंत सुटला नाही. ती डबी अजून उघडलेली नाही.)

मग हर्षालीनंच पुण्याहून मोबाईलवर मागवलं. नमुन्याला एक लिपस्टिक आणि चेहऱ्याला लावायच्या क्रीमची एक डबी. पत्ता दिला ह्यांच्या कृषी सेवा केंद्राचा, कारण कुरिअरवाल्याला तेच सापडतं. आता ह्यांच्या दुकानाचा एक नियम तुम्हाला सांगायला हवा. तिथं पेंडीच्या पोत्यावर म्हैस असेल तर ते म्हशीसाठी, आणि बाटलीवर अळी असेल तर ते अळीच्या जिवावर. चित्र बघून गिऱ्हाईक वस्तू उचलतं, अक्षरं बघायला कुणाला वेळ आहे? ह्यांनी पार्सल घरी आणलं तेच ओरडत, "सशाचं औषध कुणी मागवलं गं? आपल्या हरभऱ्यात ससं पडल्यात का?" मी पार्सल फोडलं, डबीवरचा तो इवलासा ससा डोळे भरून बघितला आणि डबी खिडकीत ठेवली. चूक इथं झाली. कारण त्याच खिडकीत आमच्या सासूबाई गोठ्यातली औषधं ठेवतात.

सासूबाई, म्हणजे धोंडाबाई, यांना तुम्ही बोलणीच्या दिवशी भेटलाच आहात. त्यांची चंद्री नावाची म्हैस आहे. थंडीनं चंद्रीच्या सडांना भेगा पडल्या होत्या आणि धार काढताना ती पाय झाडत होती. सासूबाईंनी खिडकीतली डबी बघितली. वर जनावराचं चित्र, आत पांढरं मलम. त्यांच्या मनात शंका यायचं काहीच कारण नव्हतं. त्यांनी ते परदेशी फुलांच्या वासाचं क्रीम दोन बोटं भरून चंद्रीच्या सडांना चोळलं. भेगांना बरंही वाटलं असणार, कारण चंद्री अगदी गुमान उभी राहिली. पण संध्याकाळी रेडकू सोडलं तर ते आईपाशी गेलं, हुंगलं, शिंकलं आणि मागं सरलं. पुन्हा गेलं, पुन्हा शिंकलं. त्याला वाटलं असेल, ही कुणीतरी वेगळीच बाई आहे. रेडकू तोंड लावेना, चंद्री पान्हा सोडेना. एक गोठ्याच्या या टोकाला हंबरतंय, दुसरी त्या टोकाला. सासूबाई रडकुंडीला आल्या, दृष्ट काढली, कुणाकुणाची नावं घेतली. मी दारात उभी होते आणि मला गोठ्यातून ब्युटी पार्लरचा वास येत होता. तरी माझ्या ध्यानात आलं नाही, इतकी मी हुशार.

शनिवार होता, त्यामुळे हर्षाली नेमकी तेव्हाच पुण्याहून आली. हातपाय धुऊन तिनं पहिलं विचारलं, "मम्मी, माझं क्रीम?" डबी सापडली, निम्मी रिकामी, कडेला म्हशीचा एक केस. त्यानंतरचं बोलणं जसं झालं तसं लिहिते.

"आज्जी, हे तू म्हशीला लावलंस?"

"मंग, त्याच्यावर ससा न्हाई का? मला वाटलं ढोराचं हाय."

"आज्जी! हे माणसांचं आहे. प्राण्यांवर लावून न बघितलेलं. मुद्दाम तसलं मागवलंय मी!"

"लावून न बघता तोंडाला फासायचं? येडी का खुळी तू? मी न्हाई बाई तसं करत. मी आधी माज्या गालाला लावलं, दुपारपातूर थांबले, चुणचुणलं न्हाई, मंग चंद्रीला लावलं."

हर्षालीनं विचारलं, "तुझ्या गालाला का?"

"का म्हंजे? मुकं जनावर ते. आग झाली आसती तर मला काय सांगणार व्हतं?"

नंदाताई, मी त्या क्षणी काय करत होते आठवत नाही. बहुतेक हातात चहाची गाळणी होती. माझी पोरगी गोठ्याच्या पायरीवर बसली आणि आजीच्या गालाकडे बघत राहिली. गाल खरोखर मऊ दिसत होता. एकीकडे मोठमोठ्या कारखान्यांत माणसाच्या गालासाठी सशाचे डोळे, आणि इथं म्हशीच्या सडासाठी माणसाचा गाल. मला हे शब्द तेव्हा सुचले नव्हते, आता लिहिताना सुचताहेत, पण अंगावर काटा तेव्हाच आला होता.

मग सासूबाईंनीच विचारलं, ह्या सशाची काय भानगड आहे. हर्षाली म्हणाली, आधी सशाला लावून बघायचे, मग बायकांना विकायचे. "सशाला? का, सशाचं लगीन व्हतं?" आम्ही सगळे हसलो. पण डोळ्यांत घालायचे हे सांगितल्यावर सासूबाईंचं हसू गेलं. "डोळ्यात?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "आन आसलं लावून नवरी गोजिरी दिसायची व्हय?" नंतर दोघींनी पाणी कोमट करून चंद्रीचे सड धुतले, पुन्हा पुन्हा धुतले, आणि शेवटी रेडकू लुचायला लागलं तेव्हा हर्षाली ओरडली, "मम्मी, पी गया!" (हिंदी टीव्हीचा परिणाम.) उरलेलं क्रीम सासूबाईंनी मागून घेतलं. टाचांना लावतात. रोज.

मला मात्र एक शंका राहिली. आमच्या म्हशीला लावल्यावर ती डबी प्राण्यावर चाचणी न केलेली राहिली का? मी डायरीत दोन्ही बाजू लिहून काढल्या. हर्षालीचा निकाल असा की हा वापर झाला, चाचणी नाही. चाचणी आज्जीवर झाली. हे म्हणाले, "आणि म्हातारी तर तयारच होती, मग तक्रार कुणाची?" मला निकाल पटला, पण पूर्ण नाही. ह्यांच्या दुकानातल्या अळ्यांचं काय, हा प्रश्न मग आपोआपच येतो, आणि त्याच दुकानावर आमचं घर चालतं. पण सगळ्याचं उत्तर नाही म्हणून एकाचंही धरू नये, हे मला पटत नाही. ती लिपस्टिक मी एकदा लावून बघितली. रंग साधाच आहे, डाळिंबाच्या दाण्यासारखा. तरी ती ओठांवर हलकी वाटली. हे लिपस्टिकचं कौतुक की माझ्या समजुतीचं, ते सांगता येणार नाही.

सर्वांना नमस्कार. समर्थरावांच्या आईला म्हणून लिहायला बसले होते, लिहिताना मैत्रिणीला लिहिल्यासारखं झालं, ते गोड मानून घ्या.

तुमची,
वैजयंती

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. आरसा आणि दिवे असलेला गुलाबी बॉक्स तुम्ही घेऊन ठेवलाय, हे समर्थरावांकडून हर्षालीला आणि हर्षालीकडून मला कळलं. तो परत करू नका. आतलं सामान घरात कुणाला तरी द्या आणि बॉक्स तेवढा आणा. सशाच्या वस्तू आम्ही आणू आणि मांडवात जायच्या आधी आपण दोघी मिळून तो भरू. देणं तुमचंच राहील, कुणाला कळणार नाही. यात तुम्हाला वाईट वाटलं तर मला सांगा, तिला सांगू नका.

ता. क. दुसरं. तुम्ही शालूचा फोटो पाठवलात. अप्रतिम आहे, आणि तो रंग हर्षालीला फार खुलेल. शालूत डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात की नाही ते मोबाईलवर बघायला गेले आणि रेशीम कसं काढतात ते वाचून बसले. ते किडे कोशातच असतात आणि कोश उकळत्या पाण्यात टाकतात. शालूवर ससा नसतो, त्यामुळे तिच्या अजून लक्षात आलेलं नाही. माझी हात जोडून विनंती, साखरपुडा होईपर्यंत तिच्यासमोर रेशीम हा शब्द काढू नका. मीही काढणार नाही.

(वरचं लिहून झाल्यावर पाकीट चिकटवलं होतं. पुन्हा उघडलं. रोज रात्री डायरीच्या खाली दुसऱ्या दिवसाचं एक काम लिहायची मला सवय आहे. आज ते इथंच लिहिते, म्हणजे तुम्हालाही माहीत असेल.)

उद्या: हर्षालीला फोन करून रेशमाचं सांगणे.