तळहात दाखवण्याची रीत

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. गुडघे ऐकत नाहीत, त्यामुळे आठांपैकी जेवढी अंगे वाकली तेवढ्यांचा नमस्कार गोड मानून घ्यावा.

फोनवर तुला अर्धे ऐकू येते आणि त्या अर्ध्याला तू पूर्ण उत्तर देतेस, म्हणून लिहितो आहे. आपल्या ठकीने नवे खूळ काढले आहे. नदीकाठच्या त्या जुगाराच्या गावातले तीन कॅसिनो तिला डीलर म्हणून, म्हणजे पत्ते वाटायला, घ्यायला तयार आहेत म्हणे. बँकेतली नोकरी सोडून त्यांपैकी एक धरायची आणि तिथेच खोली घेऊन राहायचे, असा बेत आहे. मी नाही म्हटले. जन्मभर वजनमापे तपासली, वजनात दांडी मारणाऱ्या दुकानदारांचे काटे जप्त केले. माझ्या मुलीने एका बाजूला झुकलेल्या काट्यामागे उभे राहावे हे मला पटणारे नाही. ती म्हणाली की निदान पाहून तरी नाही म्हणा. मी तिथे पाऊल ठेवणार नाही. तेव्हा तिने तुझे नाव काढले आणि मीही मान डोलावली. कॉलेजात तू तर्कशास्त्र शिकवलेस; एक शनिवार-रविवार तिच्याबरोबर जा, तिन्ही ठिकाणे पाहा, रीतसर तुलना कर आणि तिन्ही नापास कर.

आणखी एक गोष्ट सलते आहे. हल्ली ती जेवून उठताना एक हात दुसऱ्यावरून झटकते, मग दोन्ही तळहात माझ्यापुढे धरते, मग उलटे करून दाखवते आणि न बोलता ताट उचलून जाते. या घराने तिच्या हाती काही ठेवले नाही, हे ती मला रोज दोन वेळा सांगते. तिची आई असती तर मी तिला विचारायला लावले असते. माझी हिंमत होत नाही.

एरवी ठीक. हिने लावलेल्या कुंड्यांतली एक अजून तग धरून आहे. कळावे, तुझ्या लोभावर भरवसा ठेवून आहे.

तुझा,
भाऊ

*

ता. १६ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद, ते गृहीत धरावेत, सिद्ध करत बसण्याइतके बळ आज नाही.

काल संध्याकाळी परतले. पाय सुजले आहेत आणि कानात नाण्यांच्या यंत्रांचा किणकिणाट अजून शिल्लक आहे. ज्याला ऐकू कमी येते त्यालाही तो ऐकू येतो, हा माझ्या मते त्या यंत्रांचा पहिला दोष.

एस.टी. स्थानकाजवळच्या कॅसिनोचा गालिचा असा विणला आहे की नजरेला त्यावर टेकायला जागा मिळू नये. हवा शिळी. डीलर उभे, त्यांच्या मागे वरिष्ठ उभे, त्यांच्या मागे आणखी कोणी उभे. बसलेले फक्त हरणारे. डोंगरावरचा दुसरा सगळा काचेचा. तिथे मला पुन्हा पुन्हा सरबत देऊ केले आणि प्रत्येक नकारागणिक देणारीचे हसू थोडे रुंद झाले. तिथे मी एका गृहस्थांना जिंकताना पाहिले. हरलेल्यांपेक्षा ते अधिक थकलेले दिसत होते. तिसरा नदीकाठच्या जुन्या गोदामात आहे. छत बुटके, पण डीलर वरचेवर बदलतात, आणि सुटलेल्याला बसायला कोपऱ्यात बाकडे आहे. तिथल्या वरिष्ठ बाईंनी एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला आता घरी जायला सांगितले, आणि तो गेला. ही दया होती की धंद्याची सावधगिरी, हे मला ठरवता आले नाही.

तिन्ही ठिकाणी घड्याळ नाही. काटा झुकलेला आहे, हे तुझे म्हणणेही तिन्ही ठिकाणी खरे. फरक एवढाच की तुझे दुकानदार ते लपवत, हे कॅसिनोवाले भिंतीवर छापून लावतात. लोक वाचतात आणि खेळतात.

ठकी माझी नीट काळजी घेत होती. पहिल्या दोन ठिकाणी ती पाहुण्यासारखी इकडेतिकडे पाहत होती. तिसऱ्यात मात्र ती सगळा वेळ गालिच्याकडे पाहत चालली, आणि तो गालिचा पाहण्याजोगा मुळीच नाही.

निकाल राखून ठेवते. एक गोष्ट तपासायची राहिली आहे, आणि ती कॅसिनोबद्दल नाही. कुंडीला पाणी जरा कमी घाल. माया आहे तशीच आहे.

तुझी,
ताई

*

ता. १६ मार्च

चि. ठकीस,
आशीर्वाद. ते या पत्राच्या शेवटापर्यंत टिकतील, याची खात्री बाळग.

स्थानकाजवळच्या कॅसिनोत डीलर टेबल सोडताना एक टाळी वाजवतो आणि तळहात वर करतो. डोंगरावरच्या ठिकाणी बोटे फाकवून टेबलावरून हात फिरवतो. नदीकाठच्या ठिकाणी तो एक हात दुसऱ्यावरून झटकतो, तळहात दाखवतो, मग उलटे करतो. तूच मला समजावून सांगितलेस की हातात काही लपवलेले नाही, हे छतातल्या कॅमेऱ्याला दिसावे म्हणून ही रीत आहे. तिसरी रीत मला आधीच ठाऊक होती. तुझ्या वडिलांनी ती पत्रातून कळवली होती, याच क्रमाने. ते ती रोज जेवणाच्या टेबलाशी पाहतात.

एका खुणेवरून निष्कर्ष काढू नये, असे मी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना बजावले. म्हणून दुसरी सांगते. गोदामातल्या त्या वरिष्ठ बाईंनी माझ्या कॉफीत साखर किती, हे विचारले. तुझ्या कॉफीत किती, हे विचारले नाही, आणि ती बिनसाखरेची आली, तू घेतेस तशीच.

तेव्हा विचारते. तू तिथे कधीपासून काम करतेस? आणि हेही तुला कळायला हवे, की त्या हातांचा तुझ्या बाबांनी लावलेला अर्थ वेगळा आहे. या घराने तुला काही दिले नाही, असे तू रोज त्यांना सुनावतेस, असे ते धरून चालले आहेत. तुझे उत्तर येईपर्यंत मी त्यांना यातले काही लिहिणार नाही.

रागावलेली नाही. थकलेली आहे, दोन्ही सारखेच दिसतात.

तुझी,
आत्या

*

ता. २० मार्च

प्रिय आत्या,
सा. न. पत्र वाचून हात पदराआड लपवावेसे वाटले, पण पदर नाही आणि आता हात लपवून उपयोगही नाही.

थंडी सुरू झाली तेव्हापासून. शनिवार-रविवार हिशेबाच्या वर्गाला जाते असं बाबांना सांगायची, ते खोटं होतं. आता तिथल्या लोकांनी मला कायमची घ्यायची तयारी दाखवली आहे. बाकीच्या दोन ठिकाणी मी नुसती विचारणा केली होती. तीन ठिकाणं दाखवली, तर आत्या तुलना करेल, त्यातलं एक बाबा नाइलाजानं कबूल करतील, आणि मी ते आधीच निवडलं होतं हे कधी कुणाला कळणार नाही, असं वाटलं. तुझ्यापुढे असला डाव मांडला, ही माझी अक्कल.

घरी मी हात दाखवते हे मला खरंच माहीत नव्हतं. टेबलावरून उठलं की हात आपले आपणच करतात. बाबा बघत राहायचे, तर मला वाटायचं भाजी खारट झाली असेल.

ते काम चांगलं आहे असं मी म्हणत नाही. पाय भरून येतात, माणसं रडवेली होऊन बसलेली असतात, आणि आपण पुढचा पत्ता टाकायचा असतो. पण माझे हात ते काम नीट करतात, आत्या. बँकेत शिक्के मारताना ते माझे आहेत असं कधी वाटलं नाही.

बाबांना तूच लिही. मी तोंड उघडलं की ते मान खाली घालतात आणि माझं धाडस संपतं. पण तो हातांचा अर्थ तेवढा आधी पुसून टाक. रागावून झालं की लोभ पुन्हा सुरू कर.

तुझी,
ठकी

*

ता. २३ मार्च

चि. भाऊस,
आशीर्वाद. हे पत्र बसून वाच.

तू मला नकारासाठी पाठवलेस, ठकीने होकारासाठी नेले. तुलना कोणालाच नको होती. ती मी केली, तिथेच घोटाळा झाला.

पहिली गोष्ट तुझ्या मनावरच्या ओझ्याची. तळहात दाखवणे ही नदीकाठच्या कॅसिनोतली कामाची रीत आहे: टेबल सोडताना हात रिकामे आहेत, हे दाखवायचे. त्यात तुला उद्देशून काहीही नाही. आपण असे करतो, हे तिला माहीतही नव्हते. दुसरी गोष्ट यातून आपोआप निघते. थंडीपासून ती शनिवार-रविवार तिथेच काम करते आहे. वर्ग नव्हता. खोटे बोलली, त्याचे समर्थन मी करणार नाही आणि तीही करत नाही.

आता निकाल. झुकलेल्या काट्याबद्दलचा तुझा आक्षेप मी खोडत नाही. तो खरा आहे. पण आक्षेप खरा असणे आणि तेच कारण असणे, या दोन गोष्टी वेगळ्या. बँकही व्याज कुणाच्या बाजूने लावते, हे तू तिला कधी विचारले नाहीस, कारण बँकेतून ती संध्याकाळी घरी येते. तुझे कारण हे आहे की ती गेली तर जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी राहील. या कारणाची लाज बाळगू नकोस. मात्र ते तिला सांगायचे असेल, तर त्याच्याच नावाने सांग. काट्याच्या नावाने नको.

तिन्हींत तिसरा सर्वांत कमी वाईट. 'सर्वांत चांगला' हे शब्द मी वापरलेले नाहीत, याची नोंद घ्यावी. पुढचे तुम्ही दोघे पाहा. तुमच्या दोघांवरचा लोभ सारखाच आहे, म्हणून तर दमले.

तुझी,
ताई

*

ता. ३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आज एक अंग जास्त वाकले.

तुझे पत्र आले त्या दिवशी मी ठकीशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती जेवून उठताना दोन्ही हात मुद्दाम पाठीमागे धरायची. ताट तसेच राहायचे. ते मीच उचलायचो. हात दाखवले जात होते तेव्हा जेवढे सलले नव्हते, तेवढे हे सलले.

शुक्रवारी जेवताना ती आपल्याच विचारात होती. उठली, हात झटकले, तळहात पुढे आले आणि माझ्याकडे लक्ष जाताच तशीच थबकली. मी म्हणालो, "पुरं कर." तिने हात उलटे केले.

मग मी तिला माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगितली. इतकी वर्षे का सांगितली नाही, कोण जाणे. काटा तपासायला गेलो की मी आधी कधीच वजन ठेवत नसे. आधी दोन्ही पारडी रिकामी करायला लावायचो. रिकामी पारडी सारखी उभी राहिली, तरच पुढचे तोलणे. भरलेल्या पारड्यांवरून काट्याचे काही कळत नाही. एवढे सांगून मीही हात झटकले आणि दोन्ही तळहात तिच्यापुढे धरले. म्हणालो, "तू गेलीस की हे घर मला खायला उठेल. बाकी माझ्या हातात काही नाही."

ती पुन्हा बसली. ताटे बराच वेळ तशीच पडून होती.

परवानगी मी दिलेली नाही, काट्याबद्दलचे मतही बदललेले नाही, आणि हे दोन्ही तिला सांगितले आहे. तिने बँकेत राजीनामा दिला आहे. काल तिची पेटी बसपर्यंत पोचवायला गेलो होतो. खिडकीतून तिने तळहात दाखवले. या खेपेला ते माझ्यासाठी होते, हे विचारायची गरज पडली नाही.

परतल्यावर दुसरी खुर्ची भिंतीला लावली होती. आज पुन्हा टेबलाशी ओढून ठेवली आहे. पायांची सूज उतरली की ये. लोभ असू दे. अर्धाच ऐकू आला, तरी उत्तर पूर्ण दे.

तुझा,
भाऊ