डाव्या बाजूचं वजन

सोलापूर,
बुधवार

ती. रंभावन्सं यांना मायाक्काचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय, असं तुमचा कुमार फोनवर म्हणाला. डॉक्टरांचं ऐकावं, पण लगेच मनावर घेऊ नये. तुम्ही पाठवलेलं हरभऱ्याचं पोतं पोचलं. हरभरा उत्तम आहे, भिजला की दुप्पट फुगतो. हे मला कसं कळलं ते पुढं येईलच.

तुम्ही विचारलंत, राजनंदिनी तळ्यावर नेमकं करते काय, बार्शीत बायका विचारतात. वन्सं, मीही तेच विचारत होते. आता कळलंय, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. शहराबाहेरच्या तळ्यावर बसलिंगप्पा नावाच्या गृहस्थानं पाण्यावरच्या खेळांचं केंद्र काढलंय. आपली पोरगी तिथं तिकिटं फाडते. त्यातल्या एका खेळाला वेकबोर्डिंग म्हणतात. इस्त्रीच्या टेबलाएवढ्या फळीला दोन्ही पाय बांधायचे, हातात दोरीची मूठ धरायची, दोरीचं दुसरं टोक मोटारबोटीला. बोट पळाली की मागं पाण्याचे दोन बांध उठतात, एक डावा, एक उजवा. त्या बांधावरून उडी मारायची. (कशासाठी, असं मी विचारलं. "आई, मजा असते," म्हणाली. बी. कॉम. झालेली मुलगी.) तिथं शिकवणाऱ्याची जागा रिकामी आहे. येत्या रविवारी तिनं दोन्ही बाजूंनी उडी मारून दाखवली तर ती जागा तिला, नाही तर तिकिटाची खिडकी आहेच.

दोन्ही बाजूंनी म्हणजे काय तेही सांगते, कारण मला हे रोज जेवताना ऐकावं लागतं. खुर्चीत बसल्यासारखं टाचांवर रेलून बांधाकडं गेलं की ते हीलसाइड. ते तिला येतं. चवड्यांवर जोर देऊन, छाती पुढं काढून गेलं की टोसाइड. ते काही केल्या येत नाही. मी वाचनालयात शोधलं. पोहण्यावर एक पुस्तक होतं, मासे पाळण्यावर दोन होती, मुद्दाम पाण्यात पडण्यावर एकही नाही.

मागच्या रविवारी म्हणाली, "आई, चल, तुला बोटीतून फिरवते. किती दिवस घराबाहेर पडली नाहीस." मला भरून आलं, वन्सं. तुमचे भाऊ गेल्यापासून असं कुणी म्हटलं नव्हतं. मी निळी इरकल नेसले, डब्यात भाकरी, शेंगाचटणी, दही घेतलं आणि सात रस्ता चौकातून रिक्षा केली. बसलिंगप्पानं हात देऊन बोटीत चढवलं. "या अक्का, हितं डावीकडं बसा." मी म्हटलं, उजवीकडं सावली आहे. "नको नको, डावीकडंच. आन् आधी पोटभर जेवून घ्या की." किती अगत्याचा माणूस, असं वाटून मी रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली. फळीवरच्या राजनंदिनीला मागं ओढत बोटीनं एक फेरी मारली, तशी ती पाण्यातून ओरडली, "आप्पा, बांध अजून बसकाच आहे! वजन कमी पडतंय!" आणि हा माझ्याकडं बोट करून ओरडतो, "जेवण झालंय की त्यांचं! आता आणखी काय करू?"

तेव्हा उलगडा झाला. बोट चालवणारा उजवीकडं बसतो, आणि बसलिंगप्पा अंगानं चांगलाच भरलेला आहे. बोट त्याच्याकडं कलते, उजवा बांध उंच उठतो, डावा बसतो. आणि टोसाइडची उडी हिला नेमकी डाव्या बांधावरून मारायची असते. मला फिरायला नेलं नव्हतं. मला पोतं म्हणून नेलं होतं.

मग ती पडायला लागली. कमरेत वाकते, पाण्याकडं बघते आणि तोंडावर आपटते. मूठ कमरेशी ठेव, असं बसलिंगप्पा घसा फोडून सांगत होता. मला राहवेना. मी उठून ओरडले, "कमरेवर घागर घेतल्यासारखी धर गं!" तिनं जन्मात घागर उचललेली नाही, आमच्याकडं नळ आहे. (तोही मनात येईल तेव्हा येतो.) ती हसली आणि पडली. वर बसलिंगप्पा मला म्हणतो, "अक्का, उठू नका, वजन हलतंय." पडल्यावर ती पाण्याबाहेर हात वर करते, म्हणजे ठीक आहे असं समजायचं. तो हात वर येईपर्यंत मी बोटीचा काठ सोडत नाही. एका माणसाचा हात हलण्याची वाट मी एकदा पाहिली आहे. तुम्हीही तिथंच बसला होतात.

घरी आल्यावर मी स्पष्ट सांगितलं, मी पुन्हा येणार नाही, वजनच हवं तर स्वयंपाकघरात हरभऱ्याचं पोतं आहे, ते ने. नेलं की तिनं! सोमवारी दिवसभर ते पोतं डावीकडं बसून भिजलं आणि रात्री बोटीतच राहिलं. काल सकाळी त्यांनी पाहिलं तर शिवण उसवून हरभरा सगळ्या बोटीत. बोटीतलं पाणी उपसायचा पंपही त्यानंच तुंबला. आता आमच्या गल्लीत सकाळ-संध्याकाळ उसळ चालू आहे, आणि बसलिंगप्पाच्या घरीही.

तेव्हा मी ठरवलंय, हे खूळ बंद. पोरगी रडली तरी चालेल. पोरीनं तळ्यावर जाऊ नये, हे तुमचंही म्हणणं होतं, म्हणून आधी तुम्हाला कळवलं. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची,
मायाक्का

ता.क. बंद म्हणजे सोमवारपासून. रविवार होऊन जाऊ द्या.

ता.क. दुसरा. शनिवारच्या एसटीनं तुम्ही सोलापूरला या. रागावू नका, पण मी वाळून काडी झालेय, डावी बाजू माझ्यानं दबत नाही. तोवर सकाळचं चालणं बंद ठेवा आणि दोन्ही वेळा नीट जेवा.

ता.क. शेवटचा. बसलिंगप्पा म्हणाला, एखादा जाडजूड माणूस बसवतो. मी नको म्हटलं. तुमचे भाऊ असते तर डावी बाजू त्यांनी एकट्यानं दाबली असती, वर बोट कशी चालवावी हेही बसलिंगप्पाला सुनावलं असतं. अंगानं आणि तोंडानं त्यांच्यासारखं आता तुम्हीच आहात. पोरगी पाण्याकडं बघते म्हणून पडते. समोर तुम्ही बसलेल्या दिसलात तर मान वर करील. मोठ्या मापाचं लाइफ जॅकेट बाजूला काढून ठेवायला सांगितलंय.